होस्टिंगचं पाध्ये बघतात

गुरुवारी दुपारी जेवणाचा डबा धुऊन पाध्येकाका थेट माझ्या टेबलापाशी आले आणि समोर खुर्ची असूनही उभेच राहिले. ते असे उभे राहिले की काहीतरी मला न आवडणारं सांगायचं असतं, एवढं मी दोन वर्षांत ओळखू लागले होते.

"मॅडम, रघूची वेबसाइट दुसरीकडे हलवायला हवी," ते म्हणाले. "आज हात घातला तर शनिवारपर्यंत होऊन जाईल."

मी गोव्याच्या एका हॉटेलवाल्याला दाखवायची पानं जुळवत होते. शुक्रवारी त्याच्याशी भेट ठरलेली. तोवरचं माझं सगळ्यात मोठं काम ते. मी मान वर न करताच विचारलं, "का? काय झालं तिला?"

"काही नाही झालं. रविवारी होईल."

कुडाळला एसटी स्टँडच्या मागे, एका औषधाच्या दुकानावर माझं ऑफिस होतं. पुण्यात चार वर्षं नोकरी करून मी गावाकडे परतले होते आणि लोकांना वेबसाइटी बनवून द्यायचा धंदा मांडला होता. वय अठ्ठावीस. माणसं तीन: मी, चित्रं आणि रंगसंगती बघणारी एक मुलगी, आणि पाध्येकाका. अनंत पाध्ये सावंतवाडीच्या एका छापखान्यात बावीस वर्षं खिळे जुळवत होते. छापखाना बंद पडला तेव्हा पंचेचाळिशी ओलांडलेला हा माणूस कॉलेजच्या पोरांच्या शेजारी बसून कॉम्प्युटर शिकला. नुसता टायपिंगपुरता नाही, सर्व्हर, ईमेल, बॅकअप, ज्या गोष्टींकडे पाहायला मला कंटाळा यायचा त्या सगळ्या शिकला. माझ्याहून चोवीस वर्षांनी मोठे, पण मला मॅडमच म्हणायचे. मी सांगूनही ते बदललं नाही.

रघू म्हणजे रघुवीर चितारी. सावंतवाडीच्या चितारआळीत त्यांचा लाकडी खेळण्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे घराच्या पुढच्या दोन खोल्या आणि चार कारागीर. लाकडी आंबे, केळी, सीताफळं, चाकांचे हत्ती, बाहुल्यांची भातुकली. पाध्येकाका त्याच आळीत पाच घरं सोडून राहायचे. दोघं पहिलीपासून एका बाकावर बसलेले. ऑफिसातून साडेपाचची गाडी पकडून काका सावंतवाडीला उतरायचे ते घरी न जाता सरळ तळ्याकाठी. तिथे रघुवीर थांबलेले असत. दोघं मिळून तळ्याला एक फेरी मारणार आणि मगच घरी जाणार. पावसातसुद्धा. हे काम आमच्याकडे आलं ते काकांमुळेच.

आणि आता त्या वेबसाइटीचं नशीब उघडायची वेळ आली होती. एका मराठी वाहिनीवर दर रविवारी सकाळी दहा वाजता गावोगावच्या कारागिरांवर कार्यक्रम लागायचा. त्यांची माणसं दोन दिवस चितारआळीत राहून चित्रीकरण करून गेली होती. शेवटी पडद्यावर वेबसाइटचा पत्ता दाखवायचं त्यांनी कबूल केलं होतं. रघुवीरांचा बहुतेक माल तोवर पणजीचा एक व्यापारी उचलायचा आणि स्वतःच्या नावाचं लेबल लावून विकायचा. त्याला त्यांनी या वर्षी माल द्यायला नकार दिला होता. दोन खोल्या छतापर्यंत खेळण्यांनी भरल्या होत्या. या खेपेला आपण सरळ लोकांनाच विकायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. त्या ठरवण्यात माझ्या बोलण्याचा वाटा मोठा होता.

"हे बघा," काका म्हणाले, "आपल्या चाळीसही वेबसाइटी एकाच शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे एका कंपनीच्या भाड्याच्या एकाच यंत्रावर आहेत. एका विहिरीवर चाळीस घरांनी पाइप सोडल्यासारखं आहे ते. रोज जो तो थोडं थोडं ओढतो म्हणून पुरतं. रविवारी रघूच्या घरी एकदम हजारो माणसं पाण्याला येणार. कंपनीचं यंत्र काय करील? बाकीच्यांचं पाणी तुटू नये म्हणून रघूचाच पाइप बंद करील. माणूससुद्धा लागत नाही त्याला, आपोआप होतं."

मी म्हटलं, आपलं होस्टिंग अनलिमिटेड आहे.

"ते जागेबद्दल लिहिलंय. आणि खाली बारीक अक्षरांत तेही मागे घेतलंय."

त्यांनी सगळा विचार करून ठेवला होता. अख्खा स्वतंत्र सर्व्हर घ्यायची गरज नव्हती, तेवढं रघूला पेलणारही नाही, असं ते म्हणाले. व्हीपीएस घ्यावा. म्हणजे एका मोठ्या यंत्रातला ठरावीक वाटा, जो दुसऱ्या कुणाला वापरता येत नाही. महिन्याच्या बोलीवर मिळतो, गर्दी ओसरली की सोडून द्यायचा. फक्त वेबसाइट तिकडे नेऊन नवा पत्ता सगळीकडे पोचायला दीड-दोन दिवस लागतात. शिवाय पहिल्या पानावरची ती मोठी फिरती चित्रं काढून तिथे साधं पान ठेवावं, म्हणजे भार हलका होईल.

ती फिरती चित्रं मी स्वतः बसवली होती. दोन दिवस घालवून.

खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं मला तिथेच पटलं होतं. पण आदल्या आठवड्यात मी रघुवीरांच्या पडवीत बसून, चहा घेत, त्यांच्या चारही कारागिरांसमोर सांगून आले होते की कितीही लोक येऊ देत, अनलिमिटेड आहे, तुम्ही फक्त खोकी बांधायला माणसं बघा. त्यांनी पुन्हा विचारलं होतं, "नक्की ना?" आणि मी हसले होते. आता परत जाऊन, ते चुकीचं होतं, वेगळं घ्यावं लागेल, असं सांगायचं माझ्या जिवावर आलं. वर ते गोव्याचं काम डोक्यावर.

"काका, आत्ता चालू असलेलं काही हलवू नका," मी म्हटलं. "ऐन वेळी काहीतरी मोडून बसेल. रविवार जाऊ दे, सोमवारी निवांत बघू."

शुक्रवारी सकाळी मी गोव्याला निघताना त्यांनी पुन्हा तोच विषय काढला. अजून वेळ आहे म्हणाले. मी जरा तोडूनच बोलले. तेव्हा त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "ठीक आहे. मग रविवारी मी ऑफिसात येऊन बसतो. काही झालंच तर कुणीतरी असावं."

रविवारी साडेनऊला मी चितारआळीत पोचले तेव्हा पडवीत सतरंजी घातली होती. आतला टीव्ही उचलून बाहेर आणला होता आणि शेजारच्या स्टुलावर माझा लॅपटॉप ठेवायची जागा केली होती. कारागीर आपापल्या बायकामुलांना घेऊन आले होते. शेजारीपाजारी होते. रघुवीरांच्या पत्नी सुलभावहिनींनी खोबऱ्याच्या वड्या केल्या होत्या. रघुवीर इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, मागे हात बांधून उभे होते. मी लॅपटॉप उघडला आणि ऑर्डर आली की आवाज होईल असं करून ठेवलं.

कार्यक्रम सुंदर झाला होता. रघुवीरांचे हात जवळून दाखवले होते, लाकडाचा ठोकळा कसा गोल होत जातो आणि त्यावर लाखेचा रंग कसा चढतो ते सगळं. रघुवीर बोलताना चाचरत होते, आणि तेच फार बरं वाटत होतं. दहा वाजून चोवीस मिनिटांनी पडद्याच्या तळाशी पत्ता आला.

अर्ध्या मिनिटात लॅपटॉप वाजला. नागपूरहून कुणीतरी भातुकली मागवली होती. पडवीत सगळे हसले. दुसरी ऑर्डर ठाण्याची, तिसरी बेळगावची. सुलभावहिनी देवाजवळ साखर ठेवायला आत गेल्या. त्या बाहेर आल्या तेव्हा आवाज थांबलेला होता.

मी पान पुन्हा उघडून पाहिलं. पांढरं गोल चाक फिरत राहिलं. मग एक कोरी पाटी आली आणि तीत इंग्रजीत दोन ओळी, की हे खातं तात्पुरतं बंद ठेवण्यात आलं आहे, चालकाशी संपर्क साधा.

थोड्या वेळाने काकांचा फोन आला. कंपनीने खातं तोडलंय म्हणाले. ते लगेच कंपनीच्या मागे लागले होते, पण रविवार असल्यामुळे नुसती तक्रार नोंदवून घेत होते. काकांनी दुसऱ्या एका जागी एक साधं पान बनवून त्यावर रघुवीरांचा फोन नंबर टाकला होता, पण पत्ता तिकडे वळायला संध्याकाळ होणार होती. "शुक्रवारी केलं असतं तर..." असं ते म्हणाले नाहीत. मी ते ऐकायची वाट बघत होते, पण ते म्हणाले नाहीत.

अकरा वाजले. कार्यक्रम कधीच संपला होता. लोक बसूनच होते. एका कारागिराच्या मुलीने विचारलं, "बाबा, अजून वाजत का नाही?" तिला तिच्या आईने मागे ओढलं. बारापर्यंत एकेक करून शेजारी उठले. वड्यांचं ताट तसंच होतं.

वेबसाइट सुरू झाली संध्याकाळी सहाला. दिवसभरात जे हजारो लोक दारात येऊन परत गेले होते त्यांतले सातजण पुन्हा आले.

पण मला सांगायचंय ते साडेबाराचं. पडवीत मी, रघुवीर आणि एक म्हातारे कारागीर, शांताराम, एवढेच उरलो होतो. रघुवीर माझ्यासमोर येऊन बसले. ते रागावलेले नव्हते. रागावले असते तर कदाचित मी वेगळं बोलले असते.

"रेवतीताई, मला यातलं काही कळत नाही," ते म्हणाले. "मी तुम्हाला विचारलं होतं, नक्की ना म्हणून. तुम्ही हो म्हणालात. मग हे राहिलं कुणाकडून?"

शांताराम माझ्याकडे बघत होते. आतल्या दारात सुलभावहिनी उभ्या होत्या.

"होस्टिंगचं सगळं पाध्ये बघतात," मी म्हटलं.

यात एक अक्षर खोटं नव्हतं. होस्टिंगचं सगळं खरोखरच पाध्ये बघत होते.

रघुवीरांनी हात पुढे केला. मला आधी कळलंच नाही, मग कळलं की त्यांना माझा फोन हवाय. मी नंबर लावून दिला. त्यांनी तो कानाला लावला आणि उठून पायरीपाशी गेले. त्यांचं बोलणं मला स्वच्छ ऐकू येत होतं.

"अनंता, एकच सांग माका. ह्या सगळा तुझ्याकडेच होता ना?"

पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. फार वेळ लागला नाही त्याला.

"बरा," रघुवीर म्हणाले, आणि फोन माझ्या हातात परत दिला. मग आत जाऊन त्यांनी तो पांढरा सदरा काढून खुंटीला लावला.

सोमवारी मी ऑफिसात लवकर गेले. काका माझ्याही आधी आले होते आणि सगळ्या चाळीस वेबसाइटींची यादी करत होते. मी त्यांना विचारलं, तुम्ही त्यांना काय सांगितलंत?

"होय म्हटलं."

"का?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "मग काय सांगायचं? तुमचं नाव घेतलं असतं तर आठवड्यात सगळ्या जिल्ह्यात झालं असतं. आपला धंदा आत्ता उभा राहतोय. ही पोरगी आहे, मी आहे. मला या वयात दुसरं कोण ठेवणार?" मग म्हणाले, "आणि रघू काय, माझ्यावर किती दिवस रागावेल? शाळेत एकदा महिनाभर बोलला नव्हता. चार दिवस जाऊ देत."

मला रडू आलं. मी म्हटलं, मीच त्यांना जाऊन खरं सांगते.

"सांगा," ते म्हणाले. "तुम्हाला जमेल तेव्हा."

त्या आठवड्यात मी होस्टिंगचं सगळं त्यांच्यावर सोपवलं, या वेळी खऱ्या अर्थाने. कुठली वेबसाइट शेअर्डवर ठेवायची, कुणाला स्वतःचा वाटा घेऊन द्यायचा, कुणाच्या गर्दीचा महिना कोणता, हे ते ठरवत आणि मी त्यात बोलत नसे. गिऱ्हाइकाला होस्टिंग विकण्याआधी ते त्याच्याकडे जाऊन तासभर बसत. तुमच्याकडे रोज किती लोक येतात, एकदम कधी येतात, बंद पडलं तर तुमचं काय जातं, असे साधे प्रश्न विचारत. आंबेवाल्यांना एप्रिल-मेपुरता मोठा वाटा, एका शाळेला सगळ्यात साधं, निकालाच्या दिवशी वेगळं. आमची एकही वेबसाइट पुन्हा बंद पडली नाही. दोन वर्षांत आमचं नाव कणकवलीपासून पेडण्यापर्यंत झालं. लोक म्हणायचे, यांच्याकडे दिलं की बघायला नको.

साडेपाचची गाडी मात्र काकांनी सोडली. सुरुवातीला मला वाटलं, काम वाढलंय. मग लक्षात आलं की साडेपाच वाजले की ते मान खाली घालून काहीतरी उगाच उघडून बसतात आणि सातच्या गाडीने जातात. एकदा विचारलं, तर म्हणाले, हल्ली गुडघे दुखतात, फिरणं होत नाही.

रघुवीरांनी पुढच्या मोसमात पणजीच्या व्यापाऱ्याला पुन्हा बोलावलं. त्याने आता आपल्या अटी घातल्या. दोन कारागीर गोव्याला हॉटेलांचं फर्निचर रंगवायला गेले. कारखाना बंद पडला नाही, पण पुढच्या दोन खोल्यांतली एकच उरली.

मी त्यांना सांगायला गेले नाही असं नाही. दीडेक वर्षाने गेले. ते लाकडाच्या ठोकळ्यांना खडूने खुणा करत होते. मला चहा दिला. मी वाक्य जुळवत होते तेवढ्यात तेच म्हणाले, "अनंताची चूक झाली, त्याचं मला काही नाही. माझ्याही हातून माल बिघडतो. पण त्याला नसतं जमत तर आधी एक शब्द बोलायचा ना. माझं काय पणाला लागलंय ते त्याच्याएवढं कुणाला ठाऊक होतं? त्याने एक शब्द सांगितला नाही कुणाला, हे मला जात नाही."

गुरुवारी एकदा आणि शुक्रवारी एकदा. दोनदा सांगितला होता त्यांनी तो शब्द. तो माझ्याकडे होता आणि मी चहाचा कप हातात धरून बसले होते. तेव्हा आम्ही सावंतवाडीच्या तीन दुकानदारांशी बोलणी करत होतो. हे काम होऊ दे, मग सांगते, असं मी स्वतःशी ठरवलं आणि चहा संपवून उठले.

अशी कामं एकामागून एक येत राहिली. काका अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशीही त्यांनी तो विषय काढला नाही. मी काढीन असं त्यांना वाटलं असेल का, हे मला माहीत नाही. त्यानंतर वर्षभरात, श्रावणातल्या एका सकाळी, दूध घेऊन घरी आले, आरामखुर्चीत बसले आणि उठले नाहीत.

मी पोचले तेव्हा आळीतली सगळी माणसं जमली होती. मी रघुवीरांना शोधत होते. ते नव्हते. पाच घरांवर त्यांचं दार उघडं दिसत होतं आणि आतून रंधा मारल्याचा आवाज येत होता. लोकांनी तिकडे बघून न बघितल्यासारखं केलं. तेराव्यालाही ते आले नाहीत.

सोळाव्या दिवशी मी रघुवीरांकडे गेले. पडवीत ते एकटेच होते, मांडीवर फडकं टाकून वाटीत रंग कालवत होते. मी बसले नाही. उभ्यानेच सांगितलं. गुरुवारचं, शुक्रवारचं, पडवीतलं माझं वाक्य, सोमवारचं काकांचं बोलणं. काही गाळलं नाही. सांगून व्हायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

रघुवीरांचा हात थांबला होता.

"सात वर्षं," ते म्हणाले. "सकाळी दुधाला जाताना समोर यायचा. मी पलीकडच्या बाजूला व्हायचो. तो थांबायचा. रोज थांबायचा. मला वाटायचं, माफी मागायला थांबतोय."

त्यांनी मांडीवरच्या फडक्याला बोटं पुसली.

"त्याला वाटत असेल की तुम्ही मला कधीतरी सांगाल," ते म्हणाले. "रोज बघत असेल माझ्या तोंडाकडे, आज कळलं का म्हणून."

हे माझ्या मनात कधीच आलं नव्हतं. सात वर्षांत एकदाही नाही.

"हे तुम्ही तो असताना का नाही सांगितलंत, रेवतीताई?"

त्यांनी उत्तराची वाट पाहिली. मनापासून पाहिली, मला खरंच काही सांगायचं असेल असं समजून. मग त्यांनी वाटी खाली ठेवली, उठून घंगाळातल्या पाण्याने हात धुतले, कोपरापर्यंत चोळून धुतले, आणि खुंटीवरचा सदरा घातला. आत वळून म्हणाले, "अगो, मी अनंताकडे जावन येतंय."

आतून भांड्यांचा आवाज थांबला.

मीही चप्पल घालायला वाकले. ते पायरीवरून म्हणाले, "तुम्ही नको." आवाज चढलेला नव्हता.

मी पडवीच्या खांबाला धरून उभी राहिले. ते रस्त्याच्या मधून चालत गेले, कुणाकडे न बघता. पाचव्या घराशी थांबले. पायरीवर पाय ठेवला आणि परत काढून घेतला. तसं दोनदा झालं. मग त्यांनी कडी वाजवली नाही, नुसतीच हाक मारली, आत काकांच्या पत्नी होत्या, म्हणून मला 'वहिनी' ऐकू येईल असं वाटलं, पण त्यांनी 'अनंता'च म्हटलं. आणि थोड्या वेळाने दार उघडलं.